मम म्हणा!

पूजेला बसलेल्या यजमानाकडे दोनच कामं असतात. पळीभर पाणी ताम्हनात सोडायचं आणि गुरुजींनी नजर टाकली की 'मम' म्हणायचं. मधल्या संस्कृतात आपण कोणाकोणाला काय काय कबूल करून बसलो हे त्याला कळत नाही आणि कळावं अशी कोणाची अपेक्षाही नसते. लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर घरातलं माझं स्थान साधारण या यजमानाचं आहे. सोफ्याचा रंग, सुट्टीतली सहल, कुत्रा पाळायचा की नाही (पाळला), अशा सगळ्या प्रसंगी मी योग्य वेळी मम म्हणत आलो आहे आणि संसार बरा चालला आहे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी रात्री लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो. कन्या मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, मला मम लागणार आहे."

"मम," मी म्हणालो.

"थँक्यू बाबा!" आणि ती तीन उड्यांत जिना चढून गेली.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "कशाला हो म्हणालास, कळलंय का?"

"मी कुठे हो म्हणालो? ती मम म्हणाली, म्हणून मीही मम म्हणालो."

"बरं. तीनशे डॉलरला म्हणालास."

आम्ही राहतो टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला. कन्या इथल्या हायस्कुलात दहावीला आहे. अमेरिकेतल्या हायस्कुलांत शरद ऋतूत 'होमकमिंग'चा आठवडा साजरा होतो. रोज वेगळा वेष, शुक्रवारी फुटबॉलचा सामना, त्यात राजा-राणीची निवड, शनिवारी डान्स. हे देशभर सगळीकडे आहे. पण टेक्सासचा खाक्याच असा की इथे पेलाभर सरबत मागितलं तर बादली येते. देशभर जे चालतं त्यावर टेक्सासनं आपली भर घातली. ती भर म्हणजे मम.

मम हे ख्रिसॅन्थिमम या शब्दाचं शेपूट. ख्रिसॅन्थिमम म्हणजे आपली शेवंती. आमची आई डोंबिवली स्टेशनबाहेरून जिची वेणी घेऊन दसऱ्याला केसांत माळायची, तीच. १९३०च्या दशकात इथली कॉलेजातली पोरं सामन्याच्या दिवशी मैत्रिणीच्या कोटावर शेवंतीचं एक खरंखुरं फूल दोन फिती लावून टाचायची. इथवर सगळं माणसांत होतं. मग ही प्रथा शाळेतल्या पोरांनी उचलली, आणि पोरांपेक्षाही त्यांच्या आयांनी. एकीनं दोनाच्या सहा फिती केल्या. ते बघून दुसरीनं घंटा लावल्या. तिसरीनं फुलाच्या मधोमध कापसाचं अस्वल बसवलं. एवढ्या भारानं खरं फूल मान टाकायला लागलं, म्हणून त्याच्या जागी रेशमी आलं. आता फूल मान टाकत नाही, मुलगी टाकते.

आजचा मम टाचणीनं लावता येत नाही. तो पट्ट्यानं गळ्यात अडकवावा लागतो आणि गुडघ्यापर्यंत, काही घरांत घोट्यापर्यंत, लोंबतो. वेणी घातलेल्या फिती, पिसं, साखळ्या, बोटभर उंचीचे प्लास्टिकचे फुटबॉल, चमचमत्या अक्षरांत मुलीचं नाव, तिला नेणाऱ्या मुलाचं नाव, शाळेचं नाव आणि साल. शिवाय हे सगळं रात्री दिसावं म्हणून बॅटरीवरचे दिवे. शेवटच्या वर्षातल्या मुलींनी पांढरा-रुपेरी घालायचा, बाकीच्यांनी शाळेच्या रंगात राहायचं. आमच्याकडे हळदीकुंकवालाही इतके नियम नव्हते.

मी आईला एका ममचा फोटो पाठवला. आईचं माहेर निफाडकडचं. तिचा लगेच फोन आला.

"झूल छान आहे रे. पोळा आत्ता का तुमच्याकडे?"

"पोळा नाही आई, होमकमिंग."

"म्हणजे?"

"म्हणजे घरी येणं."

"कोण येतंय?"

"शाळेचे माजी विद्यार्थी. शाळेत."

"किती येतात?"

"मी अजून एकही पाहिला नाही."

"मग जेवायला कोण असतं?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येणं म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर ज्येष्ठागौरी येतात. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्यांचं जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. कोण आलं, काय जेवलं, कधी गेलं, सगळं स्वच्छ. इथे ज्यांच्या नावानं मांडव पडतो ते सोडून सगळं गाव मांडवात असतं.

मुळात मात्र लोक खरंच येत असत. १९११ साली मिझुरी विद्यापीठाच्या चेस्टर ब्रूअर नावाच्या प्रशिक्षकानं जुन्या विद्यार्थ्यांना कॅन्ससविरुद्धच्या सामन्यासाठी 'घरी या' असं आवतण धाडलं, आणि ती मंडळी हजारोंनी आली. सामना सुटला ३-३ असा बरोबरीत. एवढ्या लांबून माणसं बोलावून बरोबरी! आमच्याकडे यजमान पुढच्या वर्षी तोंड लपवून हिंडला असता. इथे त्याची परंपरा झाली. अर्थात हा मान मिझुरीला सुखानं मिळालेला नाही. बेलर विद्यापीठ म्हणतं, आम्ही १९०९ सालीच केलं होतं. इलिनॉय म्हणतं, आमचं १९१०चं. सार्वजनिक गणपती आधी कोणी बसवला, लोकमान्यांनी की भाऊसाहेब रंगारींनी, हा वाद ज्यानं पुण्यात एकदा कटिंग चहावर ऐकला आहे, त्याला असल्या भांडणात घरच्यासारखं वाटतं.

पुढच्या शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात एक किडकिडीत मुलगा. एका हातात पिझ्झाचं खोकं, दुसऱ्या हातात छातीएवढा पुठ्ठा. चेहऱ्यावर घाम. आमच्या भागात असा मुलगा दारात आला की तो शाळेच्या कुठल्या ना कुठल्या मंडळासाठी काहीतरी विकत असतो. वाद्यवृंदाची पोरं बिस्किटांचं पीठ विकतात, वादविवादवाले पॉपकॉर्न विकतात. त्या महिन्यात आमच्याकडे पॉपकॉर्नचे नऊ डबे झालेले होते.

"हे बघ," मी प्रेमानं म्हणालो, "पिझ्झा नको. कालच झाला. पण तुझ्या मंडळाला माझ्याकडून हे घे." आणि त्याच्या हातात वीस डॉलर ठेवले.

मुलगा नोटेकडे बघत राहिला. "सर, ते..."

"पावती नको रे."

एवढ्यात जिन्यावरून किंकाळी आली. मागून बायको धावत आली, तिच्या मागे कुत्रा. पुठ्ठ्यावर लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. 'हे जरा चीजी आहे, पण माझ्याबरोबर होमकमिंगला येशील का?' हे इथलं रीतसर मागणं. नुसतं तोंडानं विचारलं तर त्याला विचारणं म्हणत नाहीत. पुठ्ठा लागतो, त्यावर शब्दाची कोटी लागते, आणि कोटीला साजेसा खाद्यपदार्थ लागतो. माझ्या कॉलेजच्या काळात मुलीला वही मागायला तीन आठवडे लागायचे. वही मिळाली की ती परत करायला आणखी तीन. पुठ्ठ्यावर लिहून तिच्या घरी गेलो असतो, तर तिच्या वडिलांनी वीस रुपये दिले नसते.

कन्येनं होकार दिला. "फक्त फ्रेंड म्हणून, बाबा," हे तिनं मला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो मुलगाही खोक्यामागून मान हलवत होता. वीस डॉलर त्यानं परत दिले. मुलगा सरळ होता.

मी मात्र मनात वेगळाच आनंद करत होतो. कारण रीतीप्रमाणे मुलीला मम देतो मुलगा, म्हणजे पर्यायानं त्याची आई. आपले तीनशे डॉलर वाचले!

"मग आपल्याकडून गार्टर," बायको म्हणाली.

"ते काय?"

"मुलानं दंडाला बांधायचा छोटा मम. तो मुलीकडच्यांनी करायचा."

म्हणजे बाजूबंद. त्या संध्याकाळी बायको आणि मुलाची आई यांची फोनवर बैठक झाली. पन्नास मिनिटं. मी बाहेरून कान देऊन होतो. दिवे किती, अस्वल की फुटबॉल, नावात आडनाव घालायचं का, घंटा तुमच्या किती आणि आमच्या किती. मध्येच बायको म्हणाली, "छे छे, तुम्ही दोन फुलांचा करणार असाल तर आम्हाला एका फुलाचा गार्टर बरा नाही दिसणार." माझ्या लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा माझ्या मामानं नेमकं हेच वाक्य चांदीच्या वाट्यांबद्दल म्हटलं होतं.

"अगं, नाचायलाच जाणार आहेत ना फक्त?" मी कुजबुजलो.

बायकोनं फोनवर हात ठेवला. "तू मम म्हण."

पण या एका प्रसंगी मी नुसता मम म्हणून थांबलो नाही. सजावट हा माझा प्रांत आहे. आमच्या गल्लीच्या गणपतीची आरास चार वर्षं माझ्याकडे होती. थर्माकोलचा कैलास मी केलेला आहे, त्यातून गंगा वाहवलेली आहे, आणि ती शेजारच्या बँकेत शिरल्यावर सचिवांबरोबर माफी मागायलाही मीच गेलेलो आहे. अशा माणसाला एक बाजूबंद काय अवघड? "गार्टर मी करतो," मी जाहीर केलं. घरात शांतता पसरली. कुत्रासुद्धा उठून दुसऱ्या खोलीत गेला.

क्राफ्टच्या दुकानात होमकमिंगच्या सामानाची एक अख्खी गल्ली होती. तिथे सात-आठ बायका फिती मापत होत्या आणि त्यांच्यामागे तितकेच नवरे ढकलगाड्या धरून उभे होते. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली. यजमान यजमानाला ओळखतो.

घरी आलो आणि गरम गोंदाची बंदूक हातात घेतली. ही बंदूक कोणी शोधली मला माहीत नाही, पण त्याला मुलगी असणार. पहिल्या तासात माझी तीन बोटं भाजली. दुसऱ्या तासात गार्टरचं फूल जेवणाच्या टेबलाच्या कापडाला चिकटलं, कापड माझ्या कोपराला, आणि बायकोनं पाणी मागितलं तेव्हा मी टेबलावरच्या सर्व वस्तूंसह उठलो. तरी रविवारी संध्याकाळपर्यंत गार्टर उभा राहिला. निळ्या-पांढऱ्या फिती, सोळा दिवे, चार घंटा. चांगला होता. पण आरास करणाऱ्याला चांगल्यावर थांबता येत नाही. काहीतरी कमी वाटत होतं, आणि काय ते मला रात्री दीड वाजता उमगलं. चक्र!

गणपतीच्या डोक्यामागे गरगर फिरणारं रंगीत चक्र. ते नसेल तर त्याला आरास म्हणतच नाहीत. मी गॅरेजमधून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा काढला, त्याच्या पात्यांवर चमकी लावली, बॅटरी जोडली आणि पंखा फुलाच्या मागे बसवला. बटण दाबलं. काय फिरलं ते! मी अंधारात एकटाच टाळ्या वाजवल्या.

सकाळी कन्येनं बघितलं. "बाबा, हे हातावर बांधायचं आहे. उडायचं नाहीये."

तिकडे शाळेत आठवडा सुरू झाला. सोमवारी पायजमा दिवस. दोन हजारांवर मुलं बिछान्यातून उठून जशीच्या तशी शाळेत. मी माझ्या शाळेत पायजम्यात गेलो असतो तर मलाही पायजम्यातच घरी पाठवलं असतं, फरक इतकाच की शेजारून वडील चालत असते. मंगळवारी जुळ्यांचा दिवस. कन्या आणि तिची मैत्रीण सारखे कपडे घालून गेल्या. मैत्रीण हिच्यापेक्षा फूटभर उंच. दोघींत खरं साम्य एवढंच की दोघींचाही गृहपाठ झालेला नव्हता.

बुधवार दशकांचा दिवस. कन्येला नव्वदच्या दशकातलं दिसायचं होतं. माझा चौकड्यांचा शर्ट अंगात घालून ती खाली आली. "बाबा, हा एकदम परफेक्ट व्हिंटेज आहे! जपून ठेवला होतास का?"

"इस्त्री करून ठेवला होता," मी म्हणालो. "आज ऑफिसला घालायला."

गुरुवारी काउबॉय दिवस आला आणि माझी टोपी बाहेर निघाली. टेक्सासात आलो त्या पहिल्याच आठवड्यात, इथे सगळे अशीच टोपी घालतात अशा समजुतीनं मी ती मोठी किंमत देऊन घेतली होती आणि घालून ऑफिसात गेलो होतो. ऑफिसात चाळीस माणसं. टोपी एक. त्या दिवशी सगळे माझ्याशी अतिशय सांभाळून बोलले. तेव्हापासून टोपी कपाटावर आहे आणि वर्षातून एकदा शाळेत जाऊन येते.

या वेषांतरांना मी नावं ठेवतोय असं नाही. आमच्या कॉलेजातही 'डेज' होतेच. साडी डे, मिसमॅच डे, टाय डे. टाय डेला अख्ख्या वर्गात मिळून टाय तीन. एकाचा फोटो झाला की तोच टाय गाठ न सोडता पुढच्याच्या डोक्यातून खाली. दोन वर्षांच्या माझ्या सगळ्या फोटोंत टाय एकच आहे, आणि तो दुसऱ्याच्या वडिलांचा आहे.

गुरुवारी संध्याकाळी मिरवणूक निघाली. पुढे अग्निशमन दलाचा बंब, मागे वाद्यवृंद, मग ट्रकांवर बसून चॉकलेटं फेकणारी मुलं. पंचवीस मिनिटांत संपलीसुद्धा. मी पुढचा अर्धा तास रस्त्यातच उभा राहिलो. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या वर जाते त्या मुलखातला माणूस पंचवीस मिनिटांना मिरवणूक मानत नाही, त्याला वाटतं रस्ता मोकळा करताहेत.

आणि शुक्रवार उजाडला. पावणेसात वाजता मुलाकडची मंडळी पिकअप ट्रक घेऊन दारात. मागच्या हौद्यात पांढऱ्या चादरीखाली काहीतरी झाकलेलं. गणपती घरी आणताना तोंड झाकून आणतात, अगदी तसं. मुलाच्या आईनं चादर दूर केली आणि आमच्या घरचे सगळे नि:शब्द झाले. दोन फुलं, दोन अस्वलं, घोट्यापर्यंत फिती, तेवीस घंटा. या बाईची आई मम करायची, आता ही करते. मधल्या काळात त्या घरात गोंदाची बंदूक थंड झाली नसावी. मम कन्येच्या गळ्यात चढला तेव्हा ती पोक काढून थोडी पुढे आली, मग सावरली, मग जी काही खुलली! माझ्या मनात आलं, कुठली शेवंती आणि कुठे येऊन पोचली.

मुलाचे वडील ट्रकला टेकून उभे होते. मी जवळ गेलो. "सुंदर झालाय. तुम्हीही मदत केलीत?"

"मी फक्त गाडी चालवतो," ते म्हणाले. बोटांना त्यांच्याही पट्ट्या होत्या.

आता आमचा गार्टर. मी तो मुलाच्या दंडाला बांधला. तो हळूहळू घसरत कोपरावर आला. इलॅस्टिक आवळलं. मुलाचा पंजा जरा निळसर झाला, पण शाळेच्या रंगाशी जुळत होता. "जवळ या," बायको मोबाइल सरसावत म्हणाली. मुलं शेजारी उभी राहिली. "दिवे लावा!" सगळे दिवे लागले. आणि ज्या क्षणाची मी पाच दिवस वाट पाहत होतो तो आला. मी पुढे होऊन चक्राचं बटण दाबलं.

चक्र फिरलं. पहिल्या फेऱ्यात त्यानं ममची एक फीत ओढली. दुसऱ्या फेऱ्यात तिच्या शेजारच्या चार. मग घुर्र असा आवाज झाला, घंटांचा कल्लोळ उठला, आणि दोन्ही मुलं एकमेकांकडे ओढली जाऊन खांद्याला खांदा लागून घट्ट बांधली गेली. ना अंतरपाट, ना मंगलाष्टका, थेट गाठ!

"फक्त फ्रेंड म्हणून!" मी ओरडलो.

बायको फोटो काढतच राहिली. मुलाच्या आईनं मात्र पिशवीतून शांतपणे कात्री काढली. या बाईनं आयुष्यात बरंच काही पाहिलेलं असणार. "ममच्या फितीला हात लावायचा नाही," तिनं आधी बजावलं, आणि मग पंख्याच्या दोन वायरी कापल्या. कचकन. माझं चक्र जागच्या जागी थांबलं. मुलं सुटली, पण हसण्यानं त्यांना उभं राहता येईना. आपण पोचायच्या आधीच आपला व्हिडिओ शाळेत पोचला होता, असं कन्येनं नंतर सांगितलं. तो आमच्या आईपर्यंतही गेला. "अरे, साखरपुडा होता तर आधी कळवायचं," ती म्हणाली.

संध्याकाळी सातला सामना. इथल्या शालेय फुटबॉलचं प्रस्थ आपल्याला पटणं अवघड आहे. जवळच्या अ‍ॅलन गावानं शाळेसाठी १८,००० प्रेक्षकांचं स्टेडियम २०१२ साली बांधलं. खर्च सुमारे सहा कोटी डॉलर. २०१४ साली त्याच्या काँक्रीटला तडे गेले आणि ते दुरुस्तीसाठी बंद ठेवावं लागलं. खरं सांगतो, ही बातमी वाचली तेव्हा मला या देशात पहिल्यांदा रुळल्यासारखं वाटलं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कायदा. १९६१च्या एका केंद्रीय कायद्यामुळे, शाळांच्या हंगामात शुक्रवारी संध्याकाळी शालेय सामन्यापासून ७५ मैलांच्या आत व्यावसायिक फुटबॉलचं प्रक्षेपण दाखवायला आडकाठी आहे. पोरांचे प्रेक्षक पळू नयेत म्हणून! आमचा पीटीचा तास गणिताचे सर दर आठवड्याला घेऊन जायचे. संसदेत कोणी ब्र काढला नाही.

स्टँडवर शेजारी माझा नागपूरकर मित्र होता. त्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण टेक्सासचा एक नियम त्याला तोंडपाठ आहे. १९८४ सालचा. ज्याला एखाद्या विषयात ७०च्या खाली गुण, तो काही आठवडे मैदानाबाहेर.

"काय जबरा नियम केलाय ना बे!" तो दरवर्षी म्हणतो. "पण सत्तरच? नव्वद ठेवायला काय जात होतं?"

"मग मैदानावर फक्त आपलीच पोरं उरतील."

"मग हरू ना. पण मार्क तर बघ!"

होमकमिंगला पाहुणा संघ जरा लिंबूटिंबू बघून बोलावतात, म्हणजे घरच्या मांडवात हसं होत नाही. आमचा लिंबूटिंबू हे विसरला असावा. मध्यंतरालाच त्यानं आम्हाला चोवीस गुणांनी मागे टाकलं होतं. सामना घड्याळाप्रमाणे अठ्ठेचाळीस मिनिटांचा, पण घड्याळ इतक्या वेळा थांबतं की अडीच तास सहज जातात. मला त्यातलं फारसं दिसलं नाही. माझ्यापुढे ममवाल्या चार मुली बसल्या होत्या. दिसत होती ती अस्वलं. मध्यंतरात राजा-राणीची निवड झाली. या देशानं १७७६ साली इंग्लंडच्या राजाला रामराम ठोकला आणि आता दर शरदात मतदान करून एक नवा निवडतात. राजाच्या डोक्यावर मुकुट चढला तेव्हा शेकडो मम एकदम हलले. तो आवाज ऐकून मी डोळे मिटले. बैलबाजारात उभं असल्यासारखं वाटत होतं.

हरल्याचं दु:ख पोरांना वीसेक सेकंद झालं. मग सगळी खायला गेली. "साडेअकरापर्यंत घरी," मी बजावलं. बायको घरी येऊन झोपली. मी खालीच बसलो, लॅपटॉप उघडून. काम करत होतो असं नाही. साडेअकरा झाले. अकरा पस्तीस. मोबाइलवर तिचा ठिपका बघायची सोय आहे, पण मी बघितला नाही. चारदाच बघितला.

अकरा चाळीसला लांबून, गल्लीच्या तोंडाकडून, किणकिण ऐकू आली. आधी अगदी बारीक. मग जवळ, मग दारात. कुत्र्यानं कान टवकारले. मी दार उघडलं. आमची गाय घरी आली होती. एक अस्वल वाटेत कुठेतरी पडलं होतं, फितींना सॉस लागला होता, आणि दिवे मात्र सगळे चालू होते.

"बाबा, जागाच आहेस?"

"काम होतं जरा."

"जरा धर हं, बूट काढते." तिनं मम आपल्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला, बूट काढले, जांभई दिली आणि जिना चढून थेट झोपायला गेली.

मी अंधाऱ्या दिवाणखान्यात गुडघ्यापर्यंत फिती लोंबत उभा. एकशेवीस दिवे लुकलुकताहेत. बटण कुठे आहे ते सापडेना. शोधायला वाकलो की तेवीस घंटा वाजत होत्या, सरळ झालो की अस्वल नाकावर आपटत होतं, आणि कुत्रा माझ्याभोवती प्रदक्षिणा घालत होता.

वरून बायकोनं काहीतरी विचारलं. घंटांच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

"मम," मी म्हणालो.